टेंपरेचरचा काटा का नाचतो?

गाडीत बसलं की स्पीडोमीटरकडे आपण सगळेच बघतो. शेजारच्या छोट्याशा टेंपरेचर गेजची आठवण मात्र बॉनेटमधून वाफ निघाली की होते! इंजिन गरम झाल्यावर हा काटा साधारण मध्यावर शांत बसला पाहिजे. तो वर-खाली नाचायला लागला की पहिला सल्ला मिळतो, "थर्मोस्टॅट गेलाय, बदलून टाका." कधी कधी ते खरंही असतं. पण खिशात हात घालण्याआधी काटा नक्की कसा नाचतोय, ते बघायला हवं.

आधी थोडी थिअरी (वायव्हाला उपयोगी पडेल). समजा, छोट्या कारमध्ये ४ लिटर पाणी आहे. ते ३० अंशांनी तापवायला ४ × ४.२ × ३०, म्हणजे सुमारे ५०० किलोज्यूल उष्णता लागते. हे एका सेकंदात व्हायचं तर ५०० किलोवॅट पाहिजेत. २०१४ मध्ये बंद झालेली आपली लाडकी मारुती ८०० साधारण ३७ हॉर्सपॉवरची, म्हणजे जेमतेम २७ किलोवॅटची! तेव्हा काटा क्षणात उडी मारत असेल, तर सगळं पाणी तेवढं तापलेलं किंवा निवलेलं नसतं. मग दोनच शक्यता उरतात. एक तर वायरिंगमध्ये गडबड आहे, नाहीतर सेन्सरभोवती पाणीच नाही, हवा किंवा वाफ आहे.

यातली दुसरी शक्यता फार फसवी. पाणी कमी झालं की सेन्सर कधी पाण्यात, कधी वाफेत असतो. कोरडा पडला तर काटा चक्क खाली येतो, आणि आपण म्हणतो, "झालं, गाडी थंड झाली." आत मात्र ॲल्युमिनियमचं हेड भाजत असतं. हेड बेंड झालं आणि गॅस्केट उडालं की खर्च हजारांत जातो.

गेल्या सुट्टीत आमच्या मामांच्या जुन्या व्हॅनचं असंच झालं. कुंभार्ली घाट चढताना काटा वर जायचा, मध्येच पडायचा. एका गॅरेजने थर्मोस्टॅट बदलला, मग सेन्सर बदलला. फरक शून्य. शेवटी खालच्या होज पाईपची क्लिप सैल निघाली. तिथून थेंब थेंब पाणी जात होतं. क्लिप आवळली, पाणी भरलं, हवा काढली, काटा जागेवर!

म्हणून तपासायचा क्रम असा ठेवा :

१) पाणी : इंजिन पूर्ण थंड असताना लेव्हल बघा. कमी असेल तर होज, क्लिप, रेडिएटर आणि वॉटर पंपाखाली ओल शोधा. नुसतं भरून गप्प बसू नका, ते गेलं कुठे ते शोधा. भरताना हीटर 'हॉट'वर ठेवा आणि हळूहळू भरा. ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून हवा काढा. इंजिन गरम होऊनही हीटरमधून थंड वारा येत असेल, तर एअरलॉकचा संशय घ्या.

२) वायर : लेव्हल बरोबर आहे, तरी हेडलाइट लावल्यावर काटा हलतो? मग अर्थिंग बघा. सेन्सरचा कनेक्टर काढून साफ करा.

३) फॅन : सिग्नलला काटा चढतो, गाडी पळाली की उतरतो? मग फ्यूज, रिले, फॅनची मोटर तपासा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की फॅन फिरतो, ती सोपी टेस्ट आहे.

४) रेडिएटर : शहरात ठीक, घाटात किंवा हायवेला तापते? जाळीत चिखल, आत गाळ, सैल बेल्ट किंवा थकलेला पंप असू शकतो.

५) थर्मोस्टॅट : गरम व्हायला खूप वेळ लागतो आणि हायवेला काटा खाली जातो? मग तो उघडा अडकलाय. काढून दोऱ्याने गरम पाण्यात लटकवा. बऱ्याच गाड्यांत ८२ अंशांच्या आसपास तो उघडायला लागतो. नक्की आकडा त्याच्यावरच छापलेला असतो. काही जण तो कायमचा काढून टाकतात. तसं करू नका. इंजिन थंड राहतं, पेट्रोल जास्त जातं, झीजही वाढते.

६) गॅस्केट : पाणी सारखं कमी होतंय, पण गळती दिसत नाही? रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, ऑइल दुधाळ, सायलेन्सरमधून पांढरा धूर? मग गाडी चालवू नका, थेट गॅरेजला न्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तापलेल्या रेडिएटरची कॅप उघडायची नाही म्हणजे नाही! ०.९ बारच्या कॅपखाली पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप उघडली की प्रेशर जातं आणि ते एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. काटा वर चढला तर एसी बंद, हीटर फुल, आणि गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. निदान पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

सुट्टीत घरी जाल तेव्हा बाबांच्या गाडीचं बॉनेट सकाळी, इंजिन थंड असताना, एकदा उघडून बघा. आमच्या सरांनीही कॉलेजला निघण्याआधी बघायला हरकत नाही! पाणी बघायला दोन मिनिटं लागतात आणि पैसा एकही लागत नाही.