खालित्य : साध्यासाध्यविचार आणि चिकित्सेची मर्यादा

केस गळतात म्हणून येणारा पुरुष रुग्ण पुण्यात बहुधा कारण स्वतःच ठरवून येतो. खराडी-हिंजवडीकडे राहणारा टँकरचे पाणी सांगतो, परगावाहून शिकावयास आलेला विद्यार्थी मेसचे जेवण सांगतो आणि दुचाकीस्वार हेल्मेट सांगतो. २०१९ च्या जानेवारीत शहरात हेल्मेटसक्तीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा कट्ट्याकट्ट्यावर हा मुद्दा मोठ्या तावातावाने ऐकू येत असे. वस्तुतः हेल्मेट डोक्याला सर्व बाजूंनी लागते. टक्कल मात्र कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांपासून आणि शेंडीच्या जागेपासून सुरू होते व कानांमागचे आणि मानेवरचे केस म्हातारपणापर्यंत शाबूत राहतात. ज्या कारणाने सर्व डोके सारखेच बाधित व्हावयास हवे, त्या कारणाने असा नेमका नकाशा उमटत नाही. पुरुषांतील आनुवंशिक टकलाचे हे पहिले लक्षण रुग्णाने सांगितलेल्या इतिहासापेक्षा अधिक विश्वसनीय आहे.

प्रस्तुत लेखात या विकाराच्या योगांची यादी देण्याचा हेतू नाही. भृंगराज, आमलकी, नस्य आणि शिरोभ्यंग हे सर्व वैद्यबंधू-भगिनींना परिचित आहेत. विचार करावयाचा आहे तो त्याआधीच्या पायरीचा, म्हणजे साध्यासाध्यत्वाचा. केसगळतीच्या चिकित्सेत आपला व्यवसाय ज्या एका ठिकाणी वारंवार चुकतो, ते ठिकाण हेच आहे असे लेखकाचे मत आहे.

शास्त्रोक्त विचार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये इंद्रलुप्त वर्णन केले आहे. संप्राप्ती द्विस्तरीय आहे. रोमकूपांत गेलेले पित्त वायूसह केसांना च्युत करते, हा पहिला टप्पा. त्यानंतर रक्तासह कफ त्या रोमकूपांचा अवरोध करतो व म्हणून तेथे पुन्हा केस उगवत नाही, हा दुसरा टप्पा. खालित्य हा शब्द सुश्रुतांनी याच विकाराचा पर्याय म्हणून दिला आहे. वाग्भटांनी मात्र उत्तरस्थानाच्या तेविसाव्या अध्यायात दोहोंत भेद केला. उत्पत्ती तीच, परंतु खलतीमध्ये केस क्रमाक्रमाने जातात. आज ज्याला लोक चाई म्हणतात ती रुपयाएवढी, अकस्मात पडणारी चकती एकीकडे आणि दहा-पंधरा वर्षे हळूहळू मागे सरकणारी केसांची रेषा दुसरीकडे, हा भेद व्यवहारात अत्यंत उपयुक्त आहे.

त्याच अध्यायातील दोषभेद आपण बहुधा परीक्षेपुरते पाठ करतो. वातज खलतीत त्वचा अग्नीने भाजल्यासारखी, पित्तजात स्वेदयुक्त व सिरांनी व्यापलेली, कफजात घट्ट दिसते. आणि सान्निपातिक खलती नखाप्रमाणे चकाकते. ती असाध्य होय. हे शेवटचे वर्णन रुग्णाचे डोके खिडकीच्या उजेडात धरून पाहावे. जेथे त्वचा नखासारखी गुळगुळीत झाली आहे, तेथे रोमकूपांची मुखेच दिसत नाहीत. जेथे ती दिसतात व त्यांतून बारीक, फिकट, लव असावी तसे केस निघालेले असतात, तेथे अद्याप काही करण्यास वाव आहे. भिंगाखाली पाहिल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. लगतच्या केसांची जाडी एकसारखी नसून पाचातला एखादा केस तरी बारीक झालेला दिसला, तर तो आनुवंशिक खालित्याचा पुरावा समजला जातो.

चरकांनी विमानस्थानात पित्तल प्रकृतीच्या पुरुषास अकाली वली, पलित व खालित्य होते असे सांगितले आहे. विकाराची पाळेमुळे प्रकृतीतच असतील, तर तो मुळासकट उपटला जाईल ही अपेक्षा शास्त्रालाच धरून नाही. अशा व्याधीस आपल्याकडे शब्द आहे : याप्य. चिकित्सा चालू आहे तोपर्यंत तो आवरलेला राहतो व ती थांबताच पूर्ववत पुढे सरकतो.

आधुनिक संशोधनाचा निष्कर्षही येथेच येऊन पोहोचतो. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिले की, तारुण्यापूर्वी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही; पण कुळात टक्कल असलेल्या अशा पुरुषास टेस्टोस्टेरॉन दिल्यास ते पडू लागते. म्हणजे बीज आणि पुरुषत्वाचा स्राव ही दोन्ही कारणे एकत्र यावी लागतात. पुढे १९७४ साली डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांत टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणारे वितंचक जन्मतः कमी असल्याचे आढळले व त्यांतील पुरुषांना टक्कल पडत नसल्याचे दिसले. फिनास्टेराइड या औषधामागील विचार येथूनच पुष्ट झाला. या स्रावाच्या प्रभावाने केसाचा वाढीचा काळ, जो एरवी दोन ते सहा वर्षांचा असतो, दर आवर्तनात आखूड होत जातो आणि केस बारीक होत होत लव बनतो. रुग्णास वाटते केस गळत आहेत. प्रत्यक्षात ते झिजत आहेत. म्हणूनच कंगव्यात केस फारसे न येताही टक्कल वाढू शकते.

व्यवच्छेदक निदान

केसगळतीचा एक मोठा वर्ग पूर्णतः साध्य आहे. ज्वर, शस्त्रकर्म, तीव्र मनःस्ताप किंवा अघोरी उपवास यांनंतर दोन-तीन महिन्यांनी सर्व डोक्यावरचे केस भराभर गळतात. पुण्यात पावसाळ्यात डेंग्यू व चिकुनगुनिया होऊन गेलेले रुग्ण दिवाळीच्या सुमारास मूठभर केस कागदात बांधून आणतात. कोविडच्या २०२० व २०२१ च्या लाटांनंतर तर हे दृश्य रोजचे होते. कारण दूर झाले असल्यास ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते व केस परत येतात.

येथे एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. आपल्या चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत लावलेली 'पूर्वी' व 'नंतर'ची छायाचित्रे पुष्कळदा याच वर्गातील रुग्णांची असतात. जो विकार तेल न लावताही बरा होणार होता त्याचे यश तेलाच्या नावे जमा होते आणि ते छायाचित्र पाहून खालित्याचा रुग्ण तेच तेल घेऊन जातो. त्याचा विकार याप्य आहे हे त्यास कोणी सांगत नाही. ज्या दोन-तीन वर्षांत रोमकूप जिवंत होते तीच वर्षे त्यात निघून जातात.

लेखकाच्या हातूनही असे घडले आहे. चोविशीतील एक संगणक अभियंता अडीच वर्षे नियमित उपचार घेत होता. शिरोभ्यंग, नस्य, भृंगराज, पथ्य सर्व यथासांग चालू होते. अम्लपित्त गेले, झोप सुधारली, कंगव्यातील केस कमी झाले, म्हणून तोही समाधानी आणि वैद्यही. नात्यातल्या एका लग्नाची छायाचित्रे त्याने दाखविली तेव्हा शेंडीच्या जागेचा विरळपणा दुप्पट झाल्याचे दोघांनाही प्रथमच कळले. आरंभी छायाचित्र काढून ठेवले असते, तर सहा महिन्यांतच कळले असते. तेव्हापासून एकाच जागी, एकाच उजेडात, कोरड्या केसांची समोरून, वरून व मागून अशी तीन छायाचित्रे दर तीन महिन्यांनी काढल्याखेरीज लेखक खालित्याची चिकित्सा करीत नाही.

निदानातील घाईचे सर्वांत बोलके उदाहरण बुलढाणा जिल्ह्याचे आहे. २०२४ चा डिसेंबर व २०२५ चा जानेवारी या काळात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अडीचशेहून अधिक स्त्री-पुरुष-मुलांचे केस तीन-चार दिवसांत झडले. प्रारंभी संशय पाण्यावर गेला. परिसर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. क्षार व लवण यांच्या अतिसेवनाने खालित्य-पालित्य होते हे चरकांचे वचन आपल्यापैकी अनेकांना तत्काळ आठवले असेल. लेखकालाही आठवले होते. परंतु खारे पाणी ही गावे पिढ्यान्पिढ्या पीत आली आहेत. तीन दिवसांत केस जाण्यास काहीतरी नवे कारण हवे होते. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनवर आलेल्या गव्हातील सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे लक्ष वेधले. रुग्णांच्या शरीरातही सेलेनियम वाढलेले आढळले. अनेकांचे केस काही आठवड्यांत परत येऊ लागले. वचन खोटे नव्हते, ते या रुग्णांना लागू नव्हते.

याखेरीज दाद, थायरॉइडचे विकार, पांडू आणि फिरंगोपदंशातील ठिकठिकाणची विरळता यांचा विचार करावा. पन्नास-साठ केसांचा झुबका बोटांत धरून हलकेच ओढावा. सहांहून अधिक केस हाती आल्यास चालू गळती समजावी. खालित्यात ही परीक्षा बहुधा नकारार्थी येते.

चिकित्सा

वाग्भटांनी खलतीत प्रथम शोधन व नंतर नस्य, शिरोभ्यंग आणि प्रदेह असा क्रम सांगितला आहे. आपण बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो, कारण तेलाची बाटली हातोहात देता येते. शोधनार्ह पित्तल रुग्णास विरेचन, त्यानंतर अणुतैल अथवा षड्बिंदूचे नस्य, केश हा अस्थीचा मल आहे हे लक्षात घेऊन अस्थिपोषक आहारौषधी आणि रसायन, असा क्रम युक्त होय. याने टाळूचे आरोग्य, निद्रा, अग्नी व चालू गळती यांत लाभ दिसतो. आनुवंशिक खालित्यात गेलेले केस याने परत येतात असे दाखविणाऱ्या मोठ्या, नियंत्रित चाचण्या आपल्याजवळ नाहीत. रुग्णास हे पहिल्याच भेटीत सांगावे.

सुश्रुतोक्त प्रच्छानकर्म मात्र नव्याने अभ्यासावे असे आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोग विभागाने २०१३ साली शंभर पुरुषांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटास मिनॉक्सिडिल, दुसऱ्यास मिनॉक्सिडिलसह दर आठवड्यास सूक्ष्म सुयांच्या रोलरने टाळूचे वेधन. बारा आठवड्यांनी मोजलेल्या जागेतील केसांची सरासरी वाढ पहिल्या गटात सुमारे २२ व दुसऱ्यात ९१ होती. यावरून प्रच्छान सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. साधन वेगळे, औषध वेगळे. परंतु पंचकर्म विभाग असलेल्या आपल्या महाविद्यालयांना हा संशोधनाचा विषय तयार मिळालेला आहे. गुंजालेप मात्र घरी करावयास कोणासही देऊ नये. गुंजा औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट 'ई-१'मधील विषद्रव्यांत मोडते आणि खरवडलेल्या त्वचेवर तिचा वापर हे थट्टेचे काम नव्हे.

आधुनिक औषधांची माहिती प्रत्येक वैद्यास हवी, कारण आपला रुग्ण ती घेत असतो. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचे औषध. टाळूवर लावण्यासाठी अमेरिकेत १९८८ साली मान्यता मिळाली. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते, तेव्हा रुग्ण घाबरून ते सोडतो आणि आपल्याकडे येतो. परिणाम दिसण्यास चार ते सहा महिने लागतात व औषध थांबविल्यास मिळालेला लाभ काही महिन्यांत जातो. फिनास्टेराइड एक मिलिग्रॅमला १९९७ साली मान्यता मिळाली; पुष्कळांत ते झीज रोखते. मैथुनेच्छा व ध्वजोच्छ्राय मंदावणे हे दुष्परिणाम थोड्या रुग्णांत होतात. युरोपीय औषध संस्थेने २०२५ साली आत्महत्येचे विचार हा त्याचा दुष्परिणाम असल्याचे निश्चित केले आहे, म्हणून विषादाचा पूर्वेतिहास अवश्य विचारावा. पन्नाशीपुढील रुग्णात या औषधाने रक्तातील पीएसए सुमारे निम्मे दिसते. ते ठाऊक नसल्यास पौरुषग्रंथीचा अर्बुद नजरेतून सुटू शकतो. गर्भिणीने त्याच्या फुटलेल्या गोळीस स्पर्श करू नये.

केशरोपणाचा पाया १९५९ साली न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी घातला : मागील केस पुढे लावले तरी ते आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. नखप्रभ टाळूस हाच एक वास्तविक उपाय आहे. परंतु पंचविशीच्या आत, विकार कोठे थांबणार हे कळण्यापूर्वी, तो करवून घेऊ नये. रोपलेली रेषा पुढे राहते आणि तिच्यामागे नवे टक्कल पडते. केशरोपण प्रशिक्षित नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकानेच करावे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली कळविले आहे.

औषधी दुकानदारांसाठी

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील परिशिष्ट 'जे'मध्ये टक्कल हा विकार नावानिशी आहे. 'टकलावर हमखास केस' अशी पाटी लावण्यापूर्वी ते वाचावे. अलीकडे एकाच पेटीत आयुर्वेदीय गोळ्या, तेल आणि मिनॉक्सिडिलची बाटली अशी विक्री होते. ग्राहक म्हणतो, मी फक्त आयुर्वेदिक घेतो. त्याची पेटी उघडून पाहावी, कारण बाटली संपली व ती त्याने पुन्हा आणली नाही की तीन-चार महिन्यांनी गळती सुरू होते व दोष तेलाला लागतो. मिनॉक्सिडिल मांजरांस अत्यंत विषारी आहे, हेही पाळीव मांजर असलेल्या ग्राहकास सांगावे. फिनास्टेराइड चिठ्ठीविना देऊ नये.

ग्रंथोक्त हस्तिदंतमषीची मागणी अजूनही अधूनमधून येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील नंतरच्या सुधारणांमुळे हस्तिदंताचा व्यापार निषिद्ध आहे. त्या नावाने कोणी विक्रेता काळी भुकटी देऊ लागला, तर ती एकतर बेकायदा असते किंवा हस्तिदंताची नसते. दोन्ही बाबतींत ती परत पाठवावी.