आधी यंत्रणा समजून घेऊ



'हॅकिंग' म्हटले की दुसऱ्याचा पासवर्ड चोरणे एवढेच आपल्याला आठवते. या शब्दाचा जन्म मात्र चोरीतून झालेला नाही. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत छोट्या आगगाड्यांचा छंद असलेल्या विद्यार्थ्यांचा एक क्लब होता. रुळांखालच्या वायरी आणि स्विच कसे चालतात हे शोधून केलेल्या नामी युक्तीला ती मुले 'हॅक' म्हणत. यंत्रणा कशी चालते हे समजणे, हाच हॅकिंगचा पाया. याच ज्ञानाचा दुरुपयोग झाला तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्या जवळच घडले आहे.

11 ऑगस्ट 2018 रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. बनावट कार्डे वापरून 28 देशांतील एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले. भारतात अडीच कोटी काढले गेले, त्यांतील काही रक्कम आपल्या शेजारच्या कोल्हापुरातून. 13 ऑगस्टला आणखी सुमारे 14 कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले.

हे कसे घडले? शाळेतलेच उदाहरण घेऊ. लवकर घरी जायचे असेल तर वर्गातून चिठ्ठी जाते. शिपाईमामा ती मुख्याध्यापकांकडे नेतात, सर हजेरी पाहून 'हो' किंवा 'नाही' सांगतात. एटीएमचेही असेच असते. एटीएमची मागणी 'स्विच' नावाच्या संगणकाकडे येते. स्विच बँकेच्या मुख्य संगणकाला खात्याबद्दल विचारतो आणि उत्तर परत पाठवतो. हल्लेखोरांनी स्विचच्या जागी आपला खोटा स्विच उभा केला. तो मुख्य संगणकाला काही न विचारताच प्रत्येक मागणीला 'हो' म्हणत राहिला. जणू तोतया शिपाई कार्यालयात न जाताच 'सरांनी परवानगी दिली' असे सांगत होता!

म्हणजे तिजोरी फोडली गेली नाही. निरोपाची वाट ज्यांना नेमकी ठाऊक होती, त्यांनी ती मधेच अडवली. ही वाट राखायची असेल तर राखणाऱ्यालाही ती तितकीच नीट माहीत हवी. म्हणून नुसती बटणे दाबायला शिकणे पुरेसे नाही.

मात्र एक मर्यादा लक्षात ठेवा. आपली वस्तू खुशाल उघडून पाहा. दुसऱ्याच्या यंत्रणेला परवानगीशिवाय हात लावू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 66 नुसार अशा लबाडीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कॉसमॉस प्रकरणात 2023 साली पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले. पालकांनीही मुलांना 'हात लावू नकोस' एवढेच न सांगता 'हे कसे चालते?' असे विचारावे, ही विनंती.

स्वाध्याय : फोनवरून पैसे पाठवल्यावर निरोप कोणाकोणाकडून जातो, याची आकृती काढा. मधेच कोणी खोटे उत्तर दिले तर ते कोठे आणि कसे पकडता येईल, तेही लिहा.