धानाचें पान आणि काळा दगड

तुमसर तालुक्यांतील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी तुमच्यापैकीं पुष्कळांच्या परिचयाच्या आहेत. तेथील काळें, जड खनिज पोलादाच्या कामीं येतें. डोंगरीच्या खनिजांतील मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या शुष्क घटांतही वापरितात. परंतु पाण्यापासून इंधन काढण्याशीं या धातूचा काय संबंध आहे, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. तेंच येथें सांगावयाचें आहे.

पाणी हा हायड्रोजन व प्राणवायु यांचा संयोग होय. ९ किलो पाण्यांत १ किलो हायड्रोजन व ८ किलो प्राणवायु असतो. इ. स. १८०० मध्यें निकल्सन व कार्लाइल या इंग्रज गृहस्थांनीं विजेच्या प्रवाहानें हे घटक वेगळे केले. हायड्रोजन जळाला म्हणजे पुन: पाणीच होतें, धूर नाहीं, राख नाहीं. मग हें इंधन घरोघर कां नाहीं? कारण पाण्याची गांठ सोडविण्यास वीज फार लागते. तात्त्विक हिशेबानें १.२३ व्होल्ट विद्युद्दाब पुरे. प्रत्यक्षांत त्याहून बराच अधिक द्यावा लागतो, आणि १ किलो हायड्रोजनामागें सुमारें ५० ते ५५ युनिट वीज खर्ची पडते.

ही वरकड वीज वांचविण्याचें काम उत्प्रेरक करितो. उत्प्रेरक म्हणजे स्वत: खर्ची न पडतां रासायनिक क्रिया सुलभ करणारा पदार्थ. प्रयोगशाळेंत हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सौम्य द्रावणांत चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकलें कीं प्राणवायूचे बुडबुडे भराभर निघूं लागतात. क्रिया संपल्यावर ती काळी पूड गाळून, वाळवून तोलली, तर पूर्वींइतकीच भरते.

पाण्याच्या पृथक्करणाचीं यंत्रें मुख्यत: दोन प्रकारचीं आहेत. क्षारयुक्त पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत निकेलसारखा स्वस्त धातु पुरतो. दुसरीं यंत्रें आम्लधर्मी असून, उन्हाप्रमाणें कमीजास्त होणाऱ्या सौर विजेशीं तीं चटकन जुळवून घेतात. परंतु आम्लांत बहुतेक स्वस्त धातु विरघळतात. म्हणून तेथें प्लॅटिनम व इरिडियम योजावे लागतात. इरिडियम तर साऱ्या जगांत वर्षाकांठीं अवघें ७-८ टन निघतें. भारत सरकारनें २०२३ सालीं मंजूर केलेल्या हरित हायड्रोजन योजनेचें लक्ष्य २०३० पर्यंत दरसाल ५० लाख टनांचें आहे. एवढें मोठें कार्य दुर्मिळ धातूंच्या बळावर कसें व्हावें?

याचें एक उत्तर आपल्या बांधींतच उभें आहे. धानाचें हिरवें पान सूर्यप्रकाशाच्या साह्यानें रोज पाण्याचें पृथक्करण करितें. प्राणवायु तें हवेंत सोडतें व पाण्यांतील हायड्रोजनाचा उपयोग पिष्टमय अन्न बनविण्याकडे करितें. यासाठीं पानांत मँगनीजचे ४ व कॅल्शियमचा १ अणु प्राणवायूच्या ५ अणूंनीं एकत्र बांधलेले असतात. या जुळणीचें स्पष्ट चित्र कामिया व शेन यांच्या नेतृत्वाखालीं जपानांत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलें.

मात्र एक भेद ध्यानांत ठेवावा. भर उन्हांत पानांतील ही यंत्रणा वरचेवर बिघडते, आणि पान ती आपली आपण दुरुस्त करितें. निर्जीव धातूस तें साधत नाहीं. म्हणून स्वस्ताईबरोबर टिकाऊपणाही साधणें, हाच खरा प्रश्न आहे. २०१९ सालीं जपानांतील रिकेन संस्थेच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, विद्युद्दाब ठराविक मर्यादेंत राखल्यास मँगनीज डायऑक्साइड आम्लांतही महिनोगणती टिकतें. त्या मर्यादेंत वायु मात्र थोडाच निघतो. हें प्रमाण वाढविणें हें पुढील काम होय.

तें काम परक्यांनींच करावें असें नाहीं. ज्यांचे वडील खाणींत उतरतात किंवा चिखलांत रोवणी करितात, अशा मुलामुलींना या प्रश्नाचीं दोन्ही टोकें घरींच दिसतात. परमेश्वरानें गवताच्या पात्यांत जें ज्ञान सांठविलें आहे, तें नम्रपणें व चिकाटीनें वाचणें हाच विद्याभ्यास. आणि इंधन स्वस्त झालें, तरच तें गरिबाच्या चुलीपर्यंत पोंचेल, हें अभ्यास करितांना विसरूं नये.