कारखान्याचा वीजभार : रोहित्र आणि केबल यांची निवड

सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या जिल्ह्यांचे उद्योगांशी असलेले नाते जुने आहे. तत्कालीन औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि ओसाड माळावर नांगरांचा कारखाना उभा राहिला. पुढे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात कोयना धरण झाले व १९६२ साली कोयना प्रकल्पातून वीजनिर्मिती सुरू झाली. आज या प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. साखर कारखाने, मिरज व कुपवाडच्या औद्योगिक वसाहती, टेंभू, ताकारी व म्हैसाळ येथील उपसा सिंचन योजना यांनी विजेची मागणी वाढविली. तथापि, वीज दारापर्यंत आली म्हणजे काम संपले असे होत नाही. रोहित्र लहान पडले तर ते तापते व जळते. गरजेपेक्षा मोठे घेतले तर पैसा अडकून पडतो. केबल बारीक पडली तर आगीचा धोका संभवतो. म्हणून निवडीमागील हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे.

भाराचा अंदाज

तासगावच्या परिसरात बेदाण्यासाठी एखादे शीतगृह उभारावयाचे आहे, असे समजू. त्यातील तीन कॉम्प्रेसर प्रत्येकी ४० किलोवॅट वीज घेतात. पंखे व पंप यांना २५ आणि दिवे व इतर साधनांना १५ किलोवॅट लागतात. एकूण जोडभार १६० किलोवॅट झाला. परंतु सर्व यंत्रे एकाच वेळी पूर्ण भाराने चालत नाहीत. प्रत्यक्ष मागणी जोडभाराच्या ७५ टक्के धरली, तर ती १२० किलोवॅट होते.

रोहित्राची क्षमता मात्र किलोवॅटमध्ये नव्हे, तर केव्हीएमध्ये मोजतात. मोटारींचा शक्तिगुणक ०.८ असेल, तर १२० किलोवॅटसाठी १५० केव्हीए लागतात. भावी वाढीसाठी २५ टक्के जादा धरल्यास हा आकडा १८७.५ होतो व २०० केव्हीएचे रोहित्र घ्यावे लागते. योग्य कपॅसिटर बसवून शक्तिगुणक ०.९५ केल्यास मागणी सुमारे १२६ केव्हीएवर येते. वाढीसह ती १५८ होते व १६० केव्हीएचे रोहित्र पुरते. शिवाय तारांतील प्रवाह सुमारे १६ टक्क्यांनी घटतो आणि उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज जवळजवळ २९ टक्क्यांनी कमी होते. कारण ही हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

"मोठे घ्या, पुढे उपयोगी पडेल" हा सल्ला नेहमीच हिताचा नसतो. रोहित्रावर भार नसला तरी त्याच्या गाभ्यात वीज खर्च होतच राहते. अशा प्रत्येक १०० वॅट हानीमागे वर्षाला ८७६ युनिटे वाया जातात. हंगामी उद्योगांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

केबलची जाडी

केबल निवडताना तीन कसोट्या लावाव्या लागतात. पहिली प्रवाहाची. १६० केव्हीएचे रोहित्र ४१५ व्होल्ट दाबावर सुमारे २२३ अँपिअर प्रवाह देते. परंतु उत्पादकाच्या तक्त्यातील क्षमता ठरावीक परिस्थितीसाठी असते. जमिनीचे तापमान जास्त असेल किंवा एकाच चरात अनेक केबली असतील, तर क्षमता घटते. ही घट २० टक्के धरल्यास तक्त्यातील क्षमता किमान २७८ अँपिअर असलेली केबल निवडावी लागेल.

दुसरी कसोटी दाब घटण्याची. २४० चौरस मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम केबलचा रोध चालू तापमानात दर किलोमीटरला सुमारे ०.१६ ओहम असतो. २०० मीटर अंतरावर पूर्ण भाराला दाब सुमारे १३ व्होल्टनी, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास घटेल. अंतर ४०० मीटर झाले तर घट दुप्पट होईल. त्यात मोटार सुरू होताना ती नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. म्हणून स्टार-डेल्टा स्टार्टर वापरतात. यास्तव रोहित्र भाराच्या शक्य तितके जवळ असावे. ११,००० व्होल्टला तेवढ्याच शक्तीसाठी लागणारा प्रवाह ४१५ व्होल्टच्या सुमारे सव्विसाव्या भागाइतकाच असतो. तेव्हा लांबचे अंतर उच्चदाब वाहिनीने तोडावे, लघुदाब केबलीने नव्हे.

तिसरी कसोटी शॉर्टसर्किटची. रोहित्राचा इंपीडन्स ४.५ टक्के असल्यास १६० केव्हीएच्या रोहित्राजवळ दोषप्रवाह सुमारे ४,९५० अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. ब्रेकर तो तोडेपर्यंत केबलीने टिकाव धरला पाहिजे.

ग्रामपंचायतींनी काय पाहावे

गावच्या नळपाणी योजनेलाही हाच हिशेब लागू पडतो. विहिरीवर जादा अश्वशक्तीचा पंप बसविताना जुनी केबल व जुने रोहित्र तसेच ठेवले, तर दाब घटतो, मोटार जादा प्रवाह ओढते आणि ऐन उन्हाळ्यात जळते. गावाचे पाणी बंद पडते व दुरुस्तीचा भार पंचायतीच्या निधीवर पडतो. म्हणून अंदाजपत्रक मंजूर करण्यापूर्वी सदस्यांनी जोडभार, शक्तिगुणक, रोहित्रापासूनचे अंतर आणि दाबातील घट हे चार आकडे लेखी मागावेत. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. उच्चदाब संच असेल तर विद्युत निरीक्षकाच्या तपासणीशिवाय तो सुरू करू नये. भूयोजन, म्हणजे अर्थिंग, दरवर्षी तपासावे. माध्यमिक शाळांतील शिक्षकांनाही ओहमचा नियम शिकविताना गावच्या पंपाचे उदाहरण घेता येईल. कागदावरचा अर्ध्या तासाचा हिशेब पुढील अनेक वर्षांचे नुकसान टाळू शकतो.