संदर्भाचा माग

पदवीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प आला की मुले ग्रंथालयात येतात आणि विचारतात, "मॅडम, माझ्या विषयावर लेख आहेत का?" ग्रंथपाल म्हणून या प्रश्नाला उत्तरे देता देता माझ्या मनाशी जे पक्के झाले, ते इथे लिहिते आहे. उदाहरण १९७२च्या दुष्काळाचे घेते, कारण दरवर्षी कोणी ना कोणी तो विषय घेतेच.

१. विषय नको, प्रश्न आणा.
'दुष्काळ' एवढेच घेऊन शोधायला बसलात तर लेखांचा ढीग मिळेल आणि त्यातले काय वाचायचे ते कळणार नाही. 'दुष्काळी कामांवर बायकांची संख्या एवढी मोठी का होती?' हा प्रश्न झाला. प्रश्न हाती असला की कोणता लेख बाजूला ठेवायचा हेही समजते.

२. त्या काळाचे शब्द आणि त्या काळाचा नकाशा वापरा.
इंग्रजीत नुसते 'ड्रॉट' टाकून भागत नाही. तेव्हाची सरकारी कागदपत्रे 'स्कार्सिटी' म्हणतात, कामांना 'रिलीफ वर्क्स' म्हणतात. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ची, तिचा कायदा १९७७चा. केंद्राचा रोजगार हमी कायदा २००५ साली आला आणि त्यानंतरच्या असंख्य लेखांत महाराष्ट्र एका परिच्छेदापुरता येतो. म्हणून शोधताना वर्षांची मर्यादा घाला. गावांच्या नावांचेही तसेच. मुंबई 'बॉम्बे' म्हणून सापडेल, पुणे 'पूना' म्हणून. लातूरची एक विद्यार्थिनी आपल्या जिल्ह्याची १९७२ची आकडेवारी शोधून हिरमुसली होती. लातूर जिल्हा १९८२ साली झाला. त्याआधीचे बहुतेक सगळे उस्मानाबादच्या आकड्यांत आहे. जालन्याच्या मुलांना औरंगाबाद आणि परभणी दोन्हीकडे पाहावे लागते, कारण तो जिल्हा १९८१चा. हे एकदा सांगितले की मुलांचे चेहरे खुलतात. माहिती नव्हती असे नाही, ती दुसऱ्या नावाखाली होती.

३. एक चांगला लेख सापडला की त्याच्या मागे जा आणि पुढेही.
मागे म्हणजे त्याची संदर्भसूची. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांचा भारतातील दुष्काळ निवारणावरचा दीर्घ निबंध घ्या. त्यात १९७०–७३च्या महाराष्ट्राची सविस्तर चर्चा आहे आणि सूचीतून पुढची वाट सापडते. पुढे म्हणजे त्या लेखाचा आधार नंतर कोणी घेतला ते पाहणे. गूगल स्कॉलरवर लेखाच्या खालीच ती यादी असते. त्या यादीत मतभेद असलेला लेख मुद्दाम शोधा. दोन अभ्यासक एकाच योजनेबद्दल वेगळे बोलतात, तिथे तुमचा प्रकल्प सुरू होतो.

४. पैसे मागणारे पान आले म्हणून परत फिरू नका.
महाविद्यालय एन-लिस्ट या ई-नियतकालिकांच्या सेवेचे सदस्य असेल तर ग्रंथपालाकडून खाते मिळते. जेस्टोरवर नावनोंदणी केली तर दरमहा काही लेख पडद्यावर विनामूल्य वाचता येतात. शोधगंगेवर प्रबंध खुले आहेत. त्यांचा दर्जा सारखा नाही, पण पूर्वसंशोधनाचा आढावा घेणारे प्रकरण वाट दाखवते.

५. मराठीत शोधा, आणि कपाटापाशी जाऊन शोधा.
हे मी सर्वांत आग्रहाने सांगते. 'समाज प्रबोधन पत्रिका', वाईचे 'नवभारत', 'साधना' यांचे जुने बांधीव खंड चाळायला वेळ लागतो, तो द्यावा. 'सुकडी', 'मिलो', 'खडी फोडणे' हे त्या दुष्काळातले शब्द ज्या पिढीच्या तोंडी आहेत, तिने मराठीत लिहून ठेवले आहे. ते न वाचता केलेला मराठवाड्याच्या दुष्काळाचा अभ्यास मला अपुरा वाटतो.

६. निष्कर्षाआधी आधार पाहा.
लेखकाने किती गावे पाहिली, कोणत्या वर्षी, कोणाशी बोलला? मजुरीचा आकडा सरकारी नोंदीतला आहे की मजुरांनी सांगितलेला? एका तालुक्याच्या पाहणीवरून राज्याबद्दल विधान केले असेल तर वहीत तिथे खूण करा. सारांश वाचून लेख निवडावा, पण सारांशावरून त्याचा आधार देऊ नये.

७. नियतकालिकाच्या नावावर भिस्त ठेवू नका.
'इंटरनॅशनल जर्नल' हे शब्द कोणीही छापू शकतो. यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी तपासला, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक कसोटीला उतरली नाहीत. तो अभ्यास २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये आला आणि त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नावे यादीतून काढली. पुढे यूजीसीचीच केअर यादी आली, तीही २०२५ साली बंद झाली. संपादक मंडळ कोण आहे, लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतात का, पैसे घेऊन चार दिवसांत छापण्याचे आश्वासन आहे का, हे आता आपणच पाहायचे. मोठ्या नावालाही सूट नाही. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला लेख १९९८ साली 'लॅन्सेट'ने छापला आणि २०१० साली मागे घेतला. तेव्हा लेख मागे घेतलेला नाही ना, हेही बघा.

८. एआयने दिलेला संदर्भ स्वतः उघडून पाहा.
लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, खंड आणि पृष्ठे व्यवस्थित, पण असा लेख कधी लिहिलाच गेला नाही, अशा चिठ्ठ्या घेऊन मुले हल्ली माझ्याकडे येतात. त्या अंकाची अनुक्रमणिका काढा. लेख तिथे नसेल तर यादीतून खोडा आणि मूळ प्रश्न घेऊन माझ्या टेबलापाशी या. त्यावर खरोखर काय लिहिले गेले आहे, ते आपण बसून शोधू.