एवढा मोठा व्हिडिओ एवढ्याशा जागेत कसा मावतो?

मोबाईलवर आपण रोज व्हिडिओ पाहतो. आधी त्याचं गणित करू या.

फुल एचडी चित्रात १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा मिळून ३ बाइट. सेकंदाला २५ चित्रं धरली, तर एका मिनिटाला सुमारे ९३३ कोटी बाइट होतात, म्हणजे ९ जीबीच्या वर! मग मोबाईल भरून का जात नाही?

युक्ती पहिली : ठिपक्यांऐवजी लहरी

चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन करतात. समजा, एका ओळीतले आठही ठिपके १०० आहेत. मग आठ संख्या कशाला लिहायच्या? ‘सरासरी १००, चढउतार शून्य’ एवढं पुरे. आता ५२, ५४, ५६ … ६६ अशी ओळ घ्या. सरासरी ५९ आणि एक संथ लहर यांतच जवळजवळ सगळं येतं. बाकीच्या लहरी अगदी किरकोळ. ठिपक्यांचं असं लहरींत रूपांतर करणं म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, थोडक्यात डीसीटी.

इथे एक लक्षात ठेवा. नुसत्या रूपांतराने माहिती कमी होत नाही. नंतर किरकोळ लहरी शून्य धरल्या की जागा वाचते. फार लहरी टाकल्या, की चित्रात चौकोन चौकोन दिसू लागतात.

युक्ती दुसरी : जुळवणी

लागोपाठच्या दोन चित्रांत फारसा बदल नसतो. म्हणून आधीच्या चित्रातला चौकोन किती सरकला ते शोधतात. ते सरकणं आणि उरलेला फरक, एवढंच साठवतात. त्या फरकावरही डीसीटी वापरतात.

हे सुचलं कुणाला?

बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२ साली त्यांनी या कल्पनेसाठी अनुदान मागितलं. ते नाकारलं गेलं. एका परीक्षकाला कल्पना ‘फारच सोपी’ वाटली! तरी ते थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी १९७४ मध्ये शोधनिबंध छापला. पुढे जेपेग फोटो आणि व्हिडिओची अनेक मानकं याच पद्धतीवर उभी राहिली. तेव्हा वर्गात कुणी साधीसोपी कल्पना मांडली, तर हसू नका. आधी तपासून पाहा.

करून पाहा : चौकटीच्या वहीत ८ × ८ चौकोन आखा. एकात सगळीकडे सारखा रंग भरा, दुसऱ्यात बुद्धिबळाचा पट काढा. कोणत्या चौकोनाला संथ लहर पुरेल आणि कोणत्याला वेगवान लागेल? कारणासह लिहा.