आढें, वासे आणि वळचण

"आढ्याचें पाणी वळचणीला" ही म्हण आपण सर्वांनीं ऐकिली आहे. परंतु आढें म्हणजे काय आणि वळचण कोणती, असें विचारिलें तर चाळींत किंवा उंच इमारतींत वाढलेल्या मुलास उत्तर देतां येईलच असें नाहीं. ज्या घरानें आपल्या भाषेस हे शब्द दिले, तें गवताचें व झावळ्यांचें घर आज गिरगांवांत दिसत नाहीं. तरीही तें समूळ नाहींसें झालेलें नाहीं. खोताच्या वाडींतील जुन्या घरांत त्याची आकृति अद्यापि ओळखितां येते. ती कशी ओळखावी, हें या लेखांत पाहूं.

गिरगांव आज दाट वस्तीचें असलें तरी तेथील फणसवाडी, केळेवाडी हीं नांवें जुन्या बागांची साक्ष देतात. मुंबईचीं बेटें १५३४ मध्यें पोर्तुगीजांच्या हातीं गेलीं. त्याच्याही पूर्वी कित्येक शतकें या किनाऱ्यावरील कोळी, भंडारी व शेतकरी नारळीच्या छायेंत राहत असत. ज्या झाडानें त्यांस अन्न दिलें, त्यानेंच घराचें साहित्यही दिलें. खोडापासून खांब व वासे होत, काथ्यापासून सुंभ होई, आणि झावळ्या विणून छपरासाठीं झाप करीत.

बांधणीचा क्रम असा असे. प्रथम दगडमाती चोपून जोतें उंच करीत, म्हणजे पावसाचें पाणी आंत शिरत नसे. जोत्यावर, वर बेचका असलेले खांब, म्हणजे मेढी, पुरीत. बेचक्यांवर आढें ठेवीत. आढ्यापासून दोहों बाजूंस वासे सोडीत. वाशांवर बांबू आडवे बांधून झाप किंवा गवताच्या पेंढ्या खालून वर अशा रचीत. भिंती कुडाच्या असून शेणामातीनें सारविलेल्या असत. छपराचा भार खांबांवर असे, भिंतींवर नसे. म्हणून एखादी भिंत पावसानें ढांसळली तरी घर उभें राही.

मुंबईस वर्षाकाठीं सरासरी २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. गवतासारखी हलकी वस्तु तो कसा अडवी? याचें मर्म उतारांत आहे. सुमारें ४५ अंशांच्या उतारावर थेंब आंत मुरण्यापूर्वींच एका काडीवरून दुसरीवर घसरत वळचणीस येतो. केवळ वरचा थर भिजतो. उतार कमी केला तर पाणी रेंगाळतें आणि छप्पर कुजूं लागतें. वळचण भिंतीच्या पुष्कळ पुढें आणिलेली असे. त्यामुळें कूड कोरडा राही, आणि तिच्या छायेंत बसाउठावयास पडवी मिळे. इतकें करूनही आपल्या दमट हवेंत झाप फार काळ टिकत नसत. यास्तव मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घराची शाकारणी करणें हें प्रत्येक कुटुंबाचें नेमाचें काम असे.

इंग्लंडांत याच जातीचीं मध्ययुगीन घरें अद्यापि उभीं आहेत. तेथें शाकारणी करितांना पुष्कळदां जुना थर सर्व न काढितां त्यावरच नवा चढवीत. त्यामुळें डेव्हन परगण्यांतील कांहीं छपरांच्या तळाशीं, मध्ययुगांतील चुलीच्या धुरानें काळवंडलेलें मूळचें गवत आजही सांपडतें. आपल्याकडे तसें होणें शक्य नव्हतें. तेथें छपराचें गवत टिकलें. येथें केवळ घराचा आकार टिकला.

गवताच्या छपराचा दुसरा शत्रु अग्नि. लंडन शहरानें १२१२ च्या आगीनंतर नवीं छपरें गवतानें शाकारण्यास मनाई केली. मुंबईच्या कोटांतही १८०३ मध्यें भयंकर आग लागून शेंकडों घरें जळालीं. शहर वाढत गेलें तसतशीं झापांच्या जागीं नळीचीं कौलें आलीं. पुढें १८६५ मध्यें बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढिला, आणि तीं चपटीं, एकमेकांत अडकणारीं कौलें पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरलीं.

खोत कुटुंबाच्या नांवानें ओळखिली जाणारी वाडी अठराव्या शतकाच्या अखेरीस वसूं लागली. तेथील जुनीं घरें लांकडी असून त्यांवर मंगळुरी कौलें आहेत. कठडे, गॅलऱ्या व बाहेरून चढणारे जिने यांत पोर्तुगीज वळण दिसतें. पण नीट पाहिलें तर उंच जोतें, खांबांनीं पेललेला भार, पुढची मोकळी पडवी, उतरतें छप्पर आणि लांब वळचण, हीं सर्व त्या झावळ्यांच्या घरांतील आहेत. कौलें परतून नीट बसविण्यासही जुनीं माणसें शाकारणीच म्हणतात. गवत गेलें, शब्द मात्र राहिला.

या वाडींत पूर्वी सुमारें ६५ घरें होतीं असें सांगतात. आतां तिसांहूनही कमी उरलीं आहेत. घर पाडिलें म्हणजे त्याचें लांकूड कोणी तरी विकत घेतो. परंतु तें लांकूड कोठें, कशास आणि कसें जोडिलें होतें, हें ज्ञान त्याच दिवशीं संपतें. याकरितां पालकांस विनंति आहे कीं, त्यांनीं सुटींत मुलांस एकदां खोताच्या वाडींत न्यावें. कोंकणांत जुनें घर असल्यास तेंही दाखवावें. आणि मुलांनो, तेथें जातांना दोरी, कोनमापक व वही बरोबर न्या. जोत्याची उंची व छपराचा उतार मोजा, खांब कोठें आहेत त्याचा नकाशा काढा, आणि प्रत्येक भागाचें नांव आजीआजोबांस विचारून त्यापुढें लिहा. घर राखणें आपल्या हातीं नसलें तरी त्याची ओळख राखणें खास आहे.